कीर्तनकाराचं पाठांतर आणि अपस्माराची शस्त्रक्रिया : एका निर्णयाची हकिकत

या प्रकरणातल्या रुग्णाला गावात, घरात आणि पुढे आमच्या वॉर्डातही सगळे ‘महाराज’ म्हणत. इथेही तेच ठेवते. वय, घरची काही माणसं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी अपस्माराच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या एका तुकडीत न्यूरोसायकॉलॉजिस्ट आहे. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर रुग्णाची स्मरणशक्ती, भाषा, लक्ष तपासणं हे माझं काम. महाराजांच्या बाबतीत ते काम मी सुरुवातीला नीट केलं नव्हतं, आणि हे लिहिण्याचं मुख्य कारण तेच आहे.

पार्श्वभूमी

महाराज तेहतीस वर्षांचे. सातारा जिल्ह्यात कोरडवाहू शेती आणि वडिलांकडून आलेलं कीर्तन. आळंदीला चार वर्षं राहून शिकलेले. सप्ताहांच्या दिवसांत आज या गावी तर उद्या त्या गावी, वर्षाला शंभराच्या आसपास कीर्तनं होत. घर त्यावर चालायचं.

दोन वर्षांचे असताना तापात त्यांना आकडी आली होती, अर्धा तास थांबली नव्हती. चौदाव्या वर्षी शाळेत पहिली मोठी फिट आली. कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल नाकाला लावली. तालुक्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दोन वर्षांनी घरच्यांनी त्या बंद केल्या आणि सगळे विसरून गेले.

एकोणिसाव्या वर्षापासून वेगळंच सुरू झालं. निरूपण रंगात आलेलं असताना महाराज बोलता बोलता थांबायचे. पोटातून काहीतरी वर चढतंय, एवढं त्यांना स्वतःला आठवतं. पुढचं मागे उभे असलेले टाळकरी सांगतात. नजर एका जागी लागायची, ओठ काही चघळल्यासारखे हलायचे, डाव्या हाताची बोटं उपरण्याच्या काठाशी चाळा करायची आणि उजवा हात कोपरात वाकून ताठ व्हायचा. हे मिनिटभर, फार तर दीड मिनिट. धाकटा भाऊ टाळकऱ्यांतच असायचा. तो लगेच नामाचा गजर उचलायचा, मृदंग चढायचा, समोरची माणसं टाळ्या धरायची, आणि गजर उतरेपर्यंत महाराज परत आलेले असायचे. त्यानंतरही दोन-तीन मिनिटं त्यांना शब्द सापडत नसत, म्हणून भाऊ गजर लांबवायचा.

समोरच्या श्रोत्यांना यात आजार दिसलाच नाही. महाराजांचं भान हरपलं, देव भेटला, असं म्हणून लोक पाया पडत. मला त्या लोकांचा राग येत नाही. त्यांनी एका आजारी माणसाला हिणवलं नाही, मान दिला. पण त्या मानापायी निदान नऊ वर्षं लांबलं. अठ्ठाविसाव्या वर्षी काल्याच्या कीर्तनात मोठी फिट येऊन महाराज मंचावरून खाली पडले, गळपट्टीचं हाड मोडलं, तेव्हा पहिल्यांदा मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं गेलं.

लग्नाआधी पत्नीला यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. लग्नानंतर पंधराव्या दिवशी झोपेत फिट आली तेव्हा त्यांना कळलं. अपस्मार हे लग्न मोडण्याचं कायदेशीर कारण १९९९ मध्येच हिंदू विवाह कायद्यातून काढलं गेलं आहे, हे आमच्या समुपदेशकांनी सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “कायद्याचं सोडा. आधी सांगितलं असतं तर त्या रात्री मी एवढी घाबरले नसते.”

अडचण

आमच्याकडे आले तेव्हा पाच वर्षं उपचार चालू होते. महिन्याला सहा-सात छोट्या फिट आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा झोपेत मोठी. मेंदूच्या एमआरआयमध्ये डावा हिप्पोकॅम्पस आक्रसलेला होता. हा कानाच्या आतल्या बाजूला खोलवर असलेला मेंदूचा चिंचोळा भाग. नवी गोष्ट लक्षात राहते ती प्रथम त्याच्या आधाराने. लहानपणी तापात लांबलेली आकडी आणि मोठेपणी असा आक्रसलेला हिप्पोकॅम्पस ही जोडी आमच्या कामात वारंवार दिसते.

फाइलमध्ये फिटची नोंद नीट होती. महाराजांच्या स्वतःच्या तीन तक्रारींना मात्र पाच वर्षांत कुणी हात लावला नव्हता. पहिली, “भजनाने फिट येते का?” दुसरी, “मधे वर्षभर पेटी उतरल्यासारखी वाटायची.” तिसरी, “प्रमाणं आठवत नाहीत.”

पेटीची तक्रार आधी सांगते. त्या वर्षी ते फिटसाठी कार्बामाझेपिन हे औषध घेत होते. काळी दोन दाबली की कानाला पांढरी दोन लागल्यासारखं वाटे. त्यांनी पेटी दुरुस्तीला पाठवली. सूर बरोबर आहेत असं सांगून ती परत आली. जुन्या कागदात यावर एकच ओळ आहे, कानाच्या डॉक्टरांना दाखवावे. खरं तर कार्बामाझेपिनमुळे सूर साधारण अर्ध्या स्वराने खाली ऐकू आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. त्यातल्या बऱ्याच जपानमधल्या, आणि मुख्यतः कान तयार असलेल्या वादकांच्या. औषध थांबलं की तो परिणाम जातो. महाराजांचंही तसंच झालं. अंगावर पुरळ आलं म्हणून औषध बदललं आणि आठवड्यात पेटी पुन्हा सुरात आली. पण कुणी त्यांना सांगितलं नाही की कान तुमचा बरोबर होता. वर्षभर त्यांनी स्वतःच्याच कानावर संशय घेतला. गाणाऱ्या माणसासाठी ही शिक्षा लहान नाही.

‘प्रमाणं’ म्हणजे काय, हे कीर्तन न ऐकलेल्यांसाठी सांगायला हवं. कीर्तनकार एक अभंग निरूपणाला घेतो आणि त्याच्या एकेका चरणाचा अर्थ उलगडताना आधाराला दुसऱ्या संतांचे चरण, ओव्या आयत्या वेळी देतो. तीच प्रमाणं. समोर वही नसते. बोलता बोलता विषयावरून चरण आठवायचा, तोही अक्षर न चुकता, आणि त्याच्या चालीत टाळकऱ्यांना उचलून द्यायचा. महाराज सांगत होते की गेल्या वर्षापासून विषय डोक्यात असतो, चरण जिभेवर येत नाही.

फिट भजनाने येते का

एका डॉक्टरांनी त्यांना कीर्तन बंद करायला सांगितलं होतं. संगीतामुळे फिट येण्याचा प्रकार खरोखर आहे. ब्रिटिश मेंदूतज्ज्ञ मॅकडोनाल्ड क्रिचली यांनी १९३७ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. पण तो अत्यंत विरळा. महाराजांच्या फिट कीर्तनात जास्त दिसत होत्या यात शंका नव्हती. प्रश्न असा होता की कीर्तनासोबत आणखी काय काय येतं.

व्हिडिओ-ईईजीसाठी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी आणि चित्रण एकाच वेळी नोंदवण्यासाठी, त्यांना सहा दिवस ठेवलं. डोक्यावर तारा चिकटवलेल्या, वर पांढरी पट्टी, समोर कॅमेरा. तिसऱ्या दिवशी भावाने टाळ आणले. रात्रभर नीट झोप झालेली असताना महाराज वॉर्डात पावणेदोन तास गायले. शेजारच्या खोल्यांतले नातेवाईक दाराशी येऊन उभे राहिले. गाताना जबड्याचे स्नायू हलतात आणि ईईजीच्या रेषा गढूळ होतात, म्हणून दुपारी त्यांच्याच कीर्तनाचं ध्वनिमुद्रण डोळे मिटून, स्वस्थ पडून ऐकायला लावलं. फिट आली नाही, रेषांतही काही बदल दिसला नाही. चौथ्या रात्री त्यांना मुद्दाम जागं ठेवलं. पहाटे साडेचार ते सहा या वेळात दोन फिट आल्या, तेव्हा खोलीत चिटपाखरूही नव्हतं. सहा दिवसांत चार फिट, चारही डाव्या कानशिलाच्या भागातून.

सप्ताहात काय होतं ते मग आम्ही नीट विचारलं. रात्री नऊ ते अकरा कीर्तन, नंतर जागर, पहाटे काकडा. सात दिवस जेमतेम तीन-साडेतीन तासांची झोप. आणि एकादशी! गोळीच्या पाकिटावर लिहिलं होतं, जेवणानंतर. एकादशीला जेवण नाही म्हणून गोळी नाही. पाच वर्षं, महिन्यातून दोनदा, दोन्ही वेळच्या गोळ्या चुकत होत्या. महाराजांनी सांगितलेलं तंतोतंत पाळलं होतं. आमच्यापैकी कुणीच उपवास विचारले नव्हते.

माझी चूक

याच सहा दिवसांत मी स्मृतीच्या चाचण्या केल्या. पंधरा शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखवायची आणि अर्ध्या तासाने विचारायची. महाराजांना पाच शब्द आठवले. मी अहवालात लिहिलं की शब्दांची स्मृती बरीच खालावलेली आहे, डावा हिप्पोकॅम्पस फारसं काम करत नसावा, त्यामुळे तो काढल्यास गमावण्यासारखं थोडंच आहे.

या शेवटच्या वाक्याचं वजन मोठं असतं. आमच्या क्षेत्रातला अनुभव असा की शस्त्रक्रियेआधी ज्याची शब्दस्मृती चांगली असते त्याची घसरण जास्त होते, आणि ज्याची आधीच गेलेली असते त्याची कमी. माझा अहवाल वाचून तुकडी शस्त्रक्रियेच्या बाजूला झुकली.

महाराज तेव्हा टोपिरामेट हे फिटचं औषध घेत होते. टोपिरामेटने शब्द सापडायला वेळ लागतो, हे मला चांगलं माहीत होतं. तरी मी तो आकडा हिप्पोकॅम्पसच्या नावावर टाकला. आमच्या मेंदूतज्ज्ञ मॅडमनी बैठकीत एकच प्रश्न विचारला, “ही तक्रार केव्हापासून?” मी तारखा लावल्या. टोपिरामेट सुरू झालं आणि त्यानंतर दोन महिन्यांनी प्रमाणं अडायला लागली होती. औषध हळूहळू काढून लॅमोट्रिजिन सुरू केलं आणि तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी घेतली. यादीतले आठ शब्द आले. महाराजांनाही फरक जाणवला. म्हणजे डाव्या हिप्पोकॅम्पसमध्ये मी म्हटलं होतं त्यापेक्षा बरंच काही शिल्लक होतं, आणि शस्त्रक्रियेत जाण्यासारखंही तितकंच.

जे जपायचं तेच मोजायचं

आठ शब्द आठवणाऱ्या माणसाला शेकडो अभंग पाठ कसे? एक तर जुनं, वर्षानुवर्षं म्हटलेलं पाठांतर हिप्पोकॅम्पसवर तितकं अवलंबून राहत नाही, ते मेंदूच्या बाहेरच्या थरांत पसरून मुरलेलं असतं. दुसरं, चरण नुसत्या शब्दांनी साठवलेला नसतो, चालीतही असतो.

या दुसऱ्या मुद्द्यावरचं बरंच काम कॅनडातल्या माँट्रियलच्या एकाच संस्थेत झालं आहे, आणि तेही अपस्माराच्या रुग्णांच्या मदतीने. वाइल्डर पेनफिल्ड शुद्धीवर असलेल्या रुग्णांच्या कानशिलाच्या भागाला विजेचा सौम्य स्पर्श करत, तेव्हा काहींना गाणं ऐकू येई. ब्रेंडा मिलनर यांनी १९६२ मध्ये दाखवलं की उजव्या बाजूची शस्त्रक्रिया झालेल्यांना सुरांची ओळ लक्षात ठेवणं जड जातं. पुढे १९९१ मध्ये सेव्हरिन सॅमसन आणि रॉबर्ट झटोर यांनी गाण्याचे शब्द आणि चाल वेगवेगळे तपासले. डावी बाजू काढलेल्यांचे शब्द अडत. नुसती चाल उजवी बाजू काढलेल्यांची अडे. पण शब्दांसकट गायलेली चाल ओळखताना दोघांनाही त्रास होई. गाणं मेंदूत दोन वाटांनी जपलं जातं, असा त्याचा अर्थ.

आमच्या रुग्णाला याचा उपयोग होता. उजवी वाट शाबूत होती. ती किती ओझं वाहू शकेल हे पाहायचं होतं. तयार चाचणी नव्हती, म्हणून एका मराठीच्या प्राध्यापकांकडून अभंगाच्या छंदात आठ नवी कवनं लिहून घेतली, चार-चार चरणांची. महाराजांना ती आधी माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. चार नुसती वाचून शिकवली, चार साध्या चालीत. दुसऱ्या दिवशी वाचून शिकवलेल्यांचा पहिला चरण आणि पुढची तुटक शब्दं आली. गाऊन शिकवलेल्यांचे बहुतेक चरण आले. मी याला पुरावा म्हणणार नाही. गायला वेळ जास्त लागतो, म्हणून गायलेली कवनं त्यांच्या कानावर जास्त वेळ राहिली, एवढंही कारण असू शकेल. पण पुढची तयारी कशी करायची ते यातून कळलं.

दुसरी चाचणी प्रमाणांची. दहा विषय, प्रत्येकाला एक मिनिट. नाम, संतसंग, वैराग्य असे. एकूण एकतीस प्रमाणं आली. मग शब्दांविना चाल गुणगुणून चरण विचारले. तिथे ते अडलेच नाहीत.

आणि एक दृश्य कॅमेऱ्यात आहे. फिट संपली आहे. सिस्टर विचारतात, “महाराज, नाव सांगा.” महाराज बघतात, तोंड उघडतात, काही येत नाही. घड्याळ दाखवलं, नाव येत नाही. भाऊ पलंगाशी बसलेला होता. त्याने रोजच्या भजनाचा सूर धरला. महाराजांनी आधी नुसता ‘अ’कार लावला, मग दुसऱ्या ओळीला शब्द आले, स्पष्ट. सिस्टरनी पुन्हा नाव विचारलं. अजूनही येत नव्हतं. मी ती चित्रफीत कितीदा तरी पाहिली आहे.

समोरचे पर्याय

आधी झोप आणि गोळ्या सावरायच्या आणि सहा महिने थांबायचं, यावर एकमत झालं. सप्ताहात जागर भावाकडे, एकादशीला गोळी पाण्यासोबत. फिट महिन्याला दोनवर आल्या. थांबल्या मात्र नाहीत. रात्रीची मोठी फिट त्या काळात एकदा आलीच.

आणखी एखादं औषध द्यायचं, हा एक पर्याय. ग्लासगोमध्ये ४७० नव्या रुग्णांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्याच औषधाने ४७ टक्क्यांच्या फिट थांबल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या औषधाने आणखी फक्त १४ टक्क्यांच्या. महाराजांची चार औषधं होऊन गेली होती.

मानेतल्या व्हेगस नसेला विजेचे ठोके देणारं यंत्र बसवणं, हा दुसरा. त्याने फिट कमी होतात, पूर्ण क्वचितच थांबतात, आणि ठोका चालू असताना आवाज घोगरा होतो. कीर्तनकाराला हे सांगितल्यावर त्यांनी नुसती मान हलवली. आम्हीही आग्रह केला नाही.

शस्त्रक्रिया हा तिसरा. कॅनडातल्याच लंडन, ओंटारिओ इथे ८० रुग्णांवर झालेला आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत सगळ्यात वजनदार. वर्षअखेर शुद्ध हरपणाऱ्या फिट थांबलेले शस्त्रक्रियेच्या गटात ५८ टक्के, औषधांच्या गटात ८ टक्के. औषधांच्या गटातला एक रुग्ण त्या वर्षात दगावला. अपस्माराच्या प्रौढ रुग्णांत हजारी साधारण एक जण दरवर्षी असा अचानक जातो, बहुतेकदा झोपेत, आणि ज्यांना मोठ्या फिट येतात त्यांना धोका जास्त.

निर्णय

अचानक मृत्यूचा हा आकडा महाराजांना सांगायचा की नाही यावर आमच्यात मतभेद होते. मी सांगण्याच्या बाजूची होते. सांगितला तेव्हा पत्नी, भाऊ आणि वडील म्हणजे आबा, तिघेही खोलीत होते.

महाराज म्हणाले, “फिटसकट पंधरा वर्षं कीर्तन केलं. प्रमाण गेलं तर कीर्तनच गेलं.”

पत्नी तोवर गप्प होत्या. “अहो, तुम्ही विसरलात तर मी वही धरून समोर बसेन. झोपेतून उठलाच नाहीत तर मी काय धरू?”

आबा खिडकीकडे बघत होते. बराच वेळ कुणी बोललं नाही. त्या दिवशी निर्णय झाला नाही, आणि तो होऊ नये असंच आम्हाला वाटत होतं. तीन आठवड्यांनी महाराजांचा फोन आला, तारीख विचारायला.

भाषेचं केंद्र डावीकडेच आहे हे फंक्शनल एमआरआयमध्ये दिसलं होतं. शल्यविशारदांसमोर दोन पद्धती होत्या. कानशिलाच्या टोकाचा बाहेरचा भाग आणि आतला हिप्पोकॅम्पस दोन्ही काढायचे, किंवा बाहेरचा थर राखून फक्त आतला भाग. दुसऱ्या पद्धतीत फिट थांबण्याचं प्रमाण थोडं कमी, असं अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले निष्कर्ष सांगतात. स्मृती हमखास वाचते असंही नाही. पण नावं आणि शब्द शोधण्याचं काम त्या बाहेरच्या भागात बरंचसं चालतं, आणि महाराजांची सगळी मदार त्यावर. हे सगळं त्यांच्यासमोर मांडलं. त्यांनी दुसरी पद्धत निवडली.

शस्त्रक्रियेआधी तीन महिने तयारी केली. भावाने मोबाइलवर महाराजांचं पाठांतर ध्वनिमुद्रित केलं, रोज दहा अभंग, चालीसकट. वही विषयवार लावली. प्रमाण अडलं की विषयाचा विचार सोडून चाल गुणगुणायची, ही सवय मुद्दाम घोटून घेतली.

पुढे काय झालं

शस्त्रक्रिया सुरळीत झाली. आज दोन वर्षं होऊन गेली. पहिल्या महिन्यात एकदा पोटातून वर चढल्यासारखं झालं, तेवढंच. त्यानंतर फिट नाही. वर्षाने सोबतचं दुसरं औषध, लेव्हेटिरासेटाम, थांबवलं, आता एकटं लॅमोट्रिजिन चालू आहे. पत्नी रात्री झोपतात. पहिले सहा महिने त्यांना झोप येत नव्हती, सवयीने दोन वाजता जाग यायची.

स्मृतीची किंमत मोजावी लागली. वर्षाने यादीतले चार शब्द आले. नव्या माणसांची नावं राहत नाहीत. नवा अभंग पूर्वी दोन दिवसांत पाठ व्हायचा, आता आठवडा लागतो, आणि तोही चालीतच. विषयावरून येणारी प्रमाणं एकतिसावरून एकोणिसावर आली. चालीवरून येणारी जवळजवळ तेवढीच राहिली. म्हणजे साठवण शाबूत आहे, अर्थाकडून चरणाकडे जाणारी वाट अरुंद झाली आहे. हे मी त्यांना समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मला वाटलं होतं, देवाने परत घेतलं.” मग त्यांना रडू आलं.

कीर्तनाची रीत त्यांनी बदलली. निरूपणाच्या मध्ये आता गायन जास्त असतं. भाऊ मागून चाल धरतो आणि तीवर महाराजांना प्रमाण येतं. ऐकणाऱ्यांना ही रचनाच वाटते. काही जाणकारांना प्रमाणं कमी झाल्याचं जाणवलं आहे, आणि महाराजांना ते लागतं.

काय वेगळं करता आलं असतं

टोपिरामेटचं वर सांगितलं. शब्द अडवणारं असं औषध बदलल्याशिवाय शस्त्रक्रियेआधीचा स्मृतीचा आकडा धरायचा नाही, हा नियम आम्ही त्यानंतर केला. सुराची तक्रार आली की आता आम्ही आधी औषधाची पट्टी बघतो. पहिल्या भेटीत झोप आणि उपवास विचारतो, वार-तिथीसकट, आणि ‘जेवणानंतर’ असं कुणाच्याच गोळीवर लिहीत नाही. वेळ लिहितो.

एक गोष्ट मात्र अजून मनाला लागून आहे. शस्त्रक्रियेनंतर दोन महिन्यांनी महाराजांनी कीर्तन घेतलं. आम्ही हो म्हटलं, कारण जखम भरली होती, फिट नव्हती आणि ते फार उत्सुक होते. पाचशे माणसांपुढे दुसऱ्या चरणाला ते अडले. चाल गुणगुणायची, हे त्या धास्तीत सुचलंच नाही. भावालाही सुचलं नाही, कारण तयारी आम्ही एकट्या महाराजांची करून घेतली होती. टाळकऱ्यांची, मृदंगवाल्याची, म्हणजे ज्यांच्यासोबत ते प्रत्यक्ष आठवतात त्या माणसांची नाही. गजर उचलला गेला, जसा पूर्वी फिटच्या वेळी उचलला जायचा, आणि समोरचे लोक पुन्हा म्हणाले की महाराजांचं भान हरपलं. त्या रात्री फोनवर त्यांचा आवाज मी विसरणार नाही. पुढचे चार महिने त्यांनी कीर्तन घेतलं नाही. त्यानंतर पूर्ण मंडळाला बोलावून दोन दिवस सोबत बसवलं. हे शस्त्रक्रियेआधीच करायला हवं होतं.

लॅमोट्रिजिन कमी करायचं का, हा प्रश्न आता पुढे आहे. महाराजांना करायचं आहे, पत्नीला नाही. आषाढीची वारी झाल्यावर दोघांनाही बोलावलं आहे.